आंबील ओढा आणि सारसबाग

रविवारीं सायंकाळीं पुण्याच्या सारसबागेंत जितकीं माणसें हिरवळीवर बसलेलीं असतात, त्यांपैकीं फारच थोड्यांस आपण एका तळ्याच्या तळाशीं बसलों आहों याची जाणीव असते. ‘तळ्यांतला गणपति’ हें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. लहान मूल सुद्धां तें उच्चारतें. परंतु तळें कोठें आहे, असा प्रश्न त्या मुलानें केला म्हणजे वडील माणसें देवळाभोंवतालच्या लहानशा कमळकुंडाकडे बोट दाखवून मोकळीं होतात. वस्तुतः देवळाच्या पायऱ्यांवरून आज जी हिरवळ दृष्टीस पडते, तेथें एके काळीं पाणी होतें, आणि देऊळ त्या पाण्यामधल्या बेटावर होतें. तळें गेलें; नांव मात्र राहिलें. आणि ज्या ओढ्यानें त्या तळ्यांत पाणी आणलें, तो ओढा अद्यापि बागेपासून थोड्याच अंतरावरून, भिंतींच्या आणि घरांच्या आडून वाहत आहे. या बागेचा इतिहास सांगावयाचा तर आरंभ बागेपासून करून चालत नाहीं. तो या ओढ्यापासूनच केला पाहिजे.

आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांत उगम पावतो. धनकवडी, अरण्येश्वर, सहकारनगर या भागांतून तो पर्वतीच्या पायथ्याशीं येतो आणि दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेस मिळतो. लांबी म्हणावी तर अगदींच बेताची. पण उगमाजवळचा डोंगर उंच आणि नदीचा कांठ सखल, यामुळें एवढ्याशा अंतरांत त्यास मोठा उतार मिळतो. अशा ओढ्याचा स्वभाव नदीच्या स्वभावाहून निराळा असतो. नदी चढते ती सांगून चढते. तिच्या पुराची वार्ता वरच्या गांवांहून येऊन पोहोंचते. ओढा वर्षाचे आठ महिने कोरड्या अंगानें पडून राहतो आणि डोंगरावर एखादी मोठी सर कोसळली कीं घटका दोन घटकांत दाराशीं येतो. आंबील हें खरें पाहतां पेयाचें नांव. पण पावसाळ्यांत या ओढ्याचें दाट गढूळ पाणी ज्यानें पाहिलें आहे, त्यास तें नांव कोणी कां ठेवलें हें शोधीत बसावेसें वाटत नाहीं.

पेशव्यांच्या पूर्वींचें पुणें म्हणजे मुख्यतः कसबा. उत्तरेस मुठा, पूर्वेस नागझरी आणि पश्चिमेच्या अंगास आंबील ओढा, अशा तीन पाण्यांच्या कवेंत तें वसलेलें होतें. ओढ्याचा त्या वेळचा मार्ग आजच्यासारखा नव्हता. पर्वतीकडून निघून, आज जेथें दाट पेठा आहेत त्याच भूमीवरून तो सरळ उत्तरेकडे येई आणि शनिवारवाड्याच्या बाजूस मुठेस मिळे. कसब्यास त्याच्या पुराचा उपद्रव होत असे, आणि त्यास आळा घालण्यासाठीं दादोजी कोंडदेवांनीं बांध घातला, असें परंपरा सांगते. तेव्हां ओढ्याशीं पुणेंकरांचें भांडण निदान पावणेचारशें वर्षांचें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या भांडणाचा निकाल आपल्या परीनें लावला तो नानासाहेब पेशव्यांनीं. लढाया, तह आणि मोहिमा यांच्या गर्दींत या पेशव्याच्या अंगचा एक विशेष आपल्या पाठ्यपुस्तकांतून निसटतो: त्यास पाण्याची दृष्टि होती. १७३२ सालीं शनिवारवाडा उभा राहिल्यावर पुणें राजधानीसारखें वाढूं लागलें. सावकार आले, सरदारांचे वाडे उठले, कारकून, शिपाई, भिक्षुक, कारागीर यांची दाटी झाली. या सर्वांस दोन गोष्टी हव्या होत्या, प्यावयास पाणी आणि राहावयास जमीन. नानासाहेबांनीं या दोन्ही गोष्टी एकाच ओढ्यापासून काढून घेतल्या!

पाण्याची योजना अशी कीं, ओढ्याच्या माथ्यावर कात्रज येथें तलाव बांधावयाचे आणि तेथून भूमिगत बांधीव नळानें पाणी शहरांत आणावयाचें. नळ म्हणजे आजच्यासारखी लोखंडी नळी नव्हे. माणूस आंत उतरून चालूं शकेल असें दगडाचुन्याचें भुयार. त्यास वाटेंत ठिकठिकाणीं वर उघडणारे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठीं व साफसफाईसाठीं ठेवलेलीं तोंडें. शहरांत शिरल्यावर जागोजाग हौद. यंत्र नाहीं, रहाट नाहीं; जमिनीच्या उतारावर सगळा भार. पुण्याच्या पेठांतून अजूनहि ‘हौद’ हा शब्द जोडलेलीं स्थळांचीं नांवें ऐकूं येतात, तीं याच व्यवस्थेचीं आणि तिच्या अनुकरणानें पुढें झालेल्या दुसऱ्या नळांचीं चिन्हें होत. ज्यांनीं हें उताराचें गणित मांडलें आणि जमिनीखालीं तें तंतोतंत उतरविलें, त्यांची योग्यता थोर असली पाहिजे. पानिपतावर आपण जितकी शाई खर्च केली, तिचा शतांश जरी या नळावर खर्च केला असता, तरी अठराव्या शतकांतील मराठी माणसाच्या बुद्धीविषयीं आपलें मत कांहींसें निराळें झालें असतें, असें मला वाटतें.

जमिनीची योजना याहून धाडसाची होती. पर्वतीवरील देवालय १७४९ सालीं झालें. त्यानंतर टेकडीच्या पायथ्याशीं ओढ्यास भक्कम बांध घालून तेथें विस्तीर्ण तळें करण्यांत आलें, आणि ओढ्याचा प्रवाह जुन्या मार्गावरून काढून पश्चिमेकडे वळविण्यांत आला. यानें तीन कामें साधलीं. पर्वतीच्या पायथ्याशीं शोभा आली. शहरावरचें पुराचें भय टळलें. आणि जुन्या पात्राच्या दोहों बाजूंची भूमि वस्तीस मोकळी झाली. सदाशिव आणि पुढें नारायण या पेठांस पश्चिमेकडे निर्वेध पसरतां आलें, त्याचें एक कारण हेंच. सदाशिव पेठेंतील ज्या मंडळींना आपल्या पेठेच्या प्राचीनत्वाचा अभिमान असतो, त्यांनीं आपल्या वाड्याखालीं ओढ्याची वाळू असूं शकेल हें ध्यानांत ठेवावें.

या तळ्याच्या बांधकामाची एक कथा जुन्या लोकांनीं जपून ठेवली आहे. काम फार मंद चाललें होतें. नानासाहेब हत्तीवरून जात असतां तें त्यांच्या दृष्टीस पडलें. त्यांनीं कोणासहि शब्द न बोलतां हत्ती बसविला, खालीं उतरले आणि स्वतः दगड उचलून बांधावर नेऊं लागले. धनी दगड वाहतो म्हटल्यावर सरदार आणि मुत्सद्दी कसचे उभे राहतात! तेहि कंबर बांधून लागले, आणि काम झपाट्यानें पुरें झालें. कथा गोड आहे, आणि ती खरी असण्यास प्रत्यवाय नाहीं. मात्र तींत पेशव्यांनीं एक दिवस उचललेला दगड लक्षांत राहिला आहे, आणि ज्यांनीं महिनेच्या महिने दगड वाहिले त्यांपैकीं एकाचेंहि नांव राहिलेलें नाहीं, हेंहि इतिहासाच्या वाचकानें पाहून ठेवण्यासारखें आहे.

तळें भरलें तेव्हां मध्यभागीं सुमारें पंचवीस हजार चौरस फुटांचें एक बेट राखून ठेवलें होतें. त्यावर बाग केली, तीच सारसबाग. म्हणजे मूळची सारसबाग त्या बेटाएवढीच. आज आपण जिला त्या नांवानें ओळखतों, तिचा बहुतेक भाग त्या काळच्या नौकाविहाराचा प्रदेश. तळ्यांत नावा असत. गुप्त खलबतें करावयाचीं झालीं म्हणजे पेशवे आणि त्यांचे विश्वासू कारभारी नावेंत बसून पाण्याच्या मध्यावर जात, आणि वल्हीं मारणारे नावाडी मराठी न समजणारे असे मुद्दाम निवडलेले असत, अशी दंतकथा आहे. भिंतींना कान असतात हें ज्यांस पुरतें ठाऊक होतें, त्यांनीं भिंतीच नसलेली जागा शोधावी, यांत आश्चर्य तें कोणतें? पुढें १७८४ सालीं सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना झाली. या तरुण पेशव्यास प्राण्यांचा मोठा शोक. पर्वतीच्या पायथ्याशीं त्याचा शिकारखाना होता, आणि देशोदेशींचीं जनावरें त्यांत बाळगलेलीं असत.

नानासाहेबांचा मात्र या शोभेशीं संबंध फार दिवस टिकला नाहीं. पानिपताच्या आघातानंतर २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवरच त्यांचा अंत झाला. खालीं तळें असेल. पावसाळा नुकताच लागला होता.

तळ्याच्या कांठीं हिराबाग होती. तेथें पाहुण्यांचा सत्कार होई. १८०३ सालीं लॉर्ड व्हॅलेन्शिया नांवाचा इंग्रज प्रवासी पुण्यास आला, तेव्हां दुसऱ्या बाजीरावानें त्याचा पाहुणचार येथेंच केला. वसईचा तह होऊन पुरतें वर्षहि लोटलें नव्हतें. राज्य अर्धें गेलेलेंच होतें, पण बाग आणि मेजवानी यांत उणें नव्हतें. जवळच रमणा होता. श्रावणांत दक्षिणेसाठीं देशोदेशींचे ब्राह्मण हजारोंच्या संख्येनें येत, त्यांना या आवारांत घेऊन दक्षिणा वांटण्यांत येई. इंग्रजी अंमल झाल्यावर दक्षिणेचें रूप पालटत गेलें. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत जी संस्कृत पाठशाळा निघाली, तिच्या पाठीशीं याच दक्षिणेचा पैसा होता, आणि पुढें कॉलेजांतील दक्षिणा फेलोही त्यांतूनच निर्माण झाले. तेव्हां आम्हां पुणेरी प्राध्यापकांच्या धंद्याची गंगोत्री शोधूं गेल्यास तीहि याच ओढ्याच्या कांठीं सांपडते. ही कुळकथा आमच्यांतील कांहीं मंडळींना फारशी रुचत नाहीं.

पेशवाई गेली आणि पर्वतीचा पायथा राजविलासाचें स्थळ राहिला नाहीं. पण तो लगेच लोकांच्या विहाराचें स्थळ झाला असें मात्र नाहीं. आज ‘फिरावयास जाणें’ ही आपल्याला इतकी स्वाभाविक गोष्ट वाटते कीं तिला कांहीं इतिहास असेल ही शंकाहि येत नाहीं. जुन्या पुण्यांत माणसें पुष्कळ चालत. पण कोठें तरी जाण्यासाठीं चालत, देवास, बाजारास, कचेरीस. पर्वती चढावयाची ती दर्शनासाठीं. नुसती ‘हवा खावयास’ जाणें ही साहेबाची रीत. लष्कराकडे एम्प्रेस गार्डन आणि बंडगार्डन झालीं, तेथें बँड वाजूं लागला, घोडागाड्या उभ्या राहूं लागल्या, आणि शहरांतील शिकलेल्या मंडळींनीं ती रीत उचलली. तींतहि स्त्रियांना वांटा उशीरां मिळाला. पतीबरोबर उघड्या रस्त्यानें चालणारी बाई हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कुचेष्टेचा विषय होता. आज सारसबागेंत आजोबा, सुना, नातवंडें सगळीं मिळून भेळ खात बसलेलीं दिसतात. हें दृश्य आपल्या पणजोबांच्या पिढीनें पाहिलें असतें तर त्यांना तळें आटल्याचें जेवढें आश्चर्य वाटलें असतें, त्याहून अधिक याचें वाटलें असतें.

आणि सगळ्यांनाच वांटा मिळाला होता काय? १३ ऑक्टोबर १९२९ रोजीं या टेकडीच्या पायऱ्यांवर पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला. देवळांत जाऊं द्यावें एवढीच अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजाची मागणी होती. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे पुढारी होते, एस. एम. जोशींसारखे तरुण त्यांच्या बरोबर होते. सत्याग्रह्यांवर दगडांचा वर्षाव झाला. ज्या पायथ्याशीं एका जातीस दक्षिणा वांटली गेली, तेथेंच दुसऱ्या जातींस दगड मिळाले. मधें पुरतीं सवाशें वर्षेंहि गेलीं नव्हतीं. पर्वतीच्या वाटेवर फिरावयास जाणारांपैकीं ज्यांना नानासाहेबांचा हत्ती ठाऊक असतो, त्यांना ही तारीख क्वचितच ठाऊक असते.

तळ्याची कथा आतां थोडक्यांत संपते. शहरास खडकवासल्याचें पाणी मिळूं लागल्यावर जुन्या तलावांचा आणि हौदांचा मान उतरला. पर्वतीचें तळें साचलेलें, डांसांचें आणि हिंवतापाचें घर म्हणून बदनाम झालें, आणि विसाव्या शतकांत तें आटवून टाकण्यांत आलें. मोकळ्या झालेल्या भूमीवर हळूहळू बागा उठल्या. १९५३ सालीं महापालिकेनें पेशवे पार्क सुरू केला. ८ एप्रिल १९५६ रोजीं त्यांत ‘फुलराणी’ ही मुलांची आगगाडी धांवूं लागली. पुण्यांतील दोन-तीन पिढ्यांना वाघ, माकड आणि आगगाडी यांचें प्रथम दर्शन येथेंच घडलें आहे. १९९९ च्या सुमारास येथील जनावरें कात्रजच्या नव्या प्राणिसंग्रहालयांत नेण्यांत आलीं. तें प्राणिसंग्रहालय कात्रजच्या तलावालगत आहे. म्हणजे जनावरें गेलीं तीहि त्याच ओढ्याच्या कांठानें वर! सारसबागेचें आजचें विस्तृत रूप स्वातंत्र्यानंतरचें. थंडींत गणपतीस लोकरीचा स्वेटर आणि टोपी चढते, दिवाळीच्या पाडव्यास पहाटे तरुण मंडळींची एवढी दाटी होते कीं पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. ही सर्व या नव्या बागेची संस्कृति आहे, आणि मला ती मनापासून प्रिय आहे.

ओढ्याचें मात्र काय झालें? माझ्या वर्गांत मी दरवर्षीं विद्यार्थ्यांस विचारतों, ‘पुण्याचीं वाहतीं पाणी सांगा.’ मुळा आणि मुठा हीं दोन नांवें एका सुरांत येतात. मग शांतता. एका वर्षीं मागच्या बांकावरून एका मुलानें ‘आंबील ओढा’ म्हटलें. तो दांडेकर पुलाजवळ राहत होता.

त्या उत्तराचा अर्थ कळण्यास १९६१ सालापर्यंत मागें गेलें पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें फुटलें, आणि मुठेच्या पुरानें नदीकांठच्या पेठा धुऊन नेल्या. बेघर झालेल्या कुटुंबांसाठीं शहराबाहेर जागा पाहण्यांत आल्या. त्यांपैकीं बऱ्याच जणांच्या वसाहती पर्वतीच्या मागील अंगास, आजच्या सहकारनगर भागांत झाल्या. म्हणजे मुठेनें ज्यांचीं घरें नेलीं, त्यांना आंबील ओढ्याच्या शेजारीं घरें मिळालीं. त्या काळीं ओढ्यास मोकळी कांठभूमि होती, त्यामुळें भय वाटण्याचें कारण नव्हतें. पुढल्या पन्नास वर्षांत शहर कात्रजपर्यंत आणि त्याच्याहि पलीकडे गेलें. डोंगरउतारावर इमारती आणि रस्ते झाले; जें पाणी पूर्वीं मातींत मुरे तें आतां फरशीवरून ओढ्यांत धांवूं लागलें. आणि ओढा मात्र दोन्ही बाजूंनीं भिंतींत आवळला जाऊन अरुंद झाला, कोठें झांकला गेला, कोठें वळविला गेला. पाणी वाढलें आणि वाट घटली. यास गणिताची मोठी विद्या लागत नाहीं.

२७ सप्टेंबर २०१८ रोजीं पर्वतीच्या पायथ्यानें जाणारा मुठेचा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाच्या वस्तींत भर दुपारीं पाणी शिरलें. पाऊस नव्हता, काय होत आहे हें कळावयास वेळ नव्हता. त्यास एक वर्ष पुरें होतें न होतें तोंच, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजच्या डोंगरावर तुफान पाऊस कोसळला आणि आंबील ओढा भिंती फोडून बाहेर आला. अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल: उगमाकडून संगमाकडे ओढ्यानें एकहि थांबा सोडला नाहीं. मोटारी काडेपेट्यांसारख्या एकमेकींवर चढल्या. त्या रात्रीं शहर आणि परिसर मिळून वीसाहून अधिक माणसें दगावलीं. ओढ्यानें अतिक्रमण केलें, असें त्या वेळीं पुष्कळांच्या बोलण्यांत आलें. अतिक्रमण कोणीं कोणावर केलें, हा प्रश्न नकाशा पुढें ठेवून विचारला तर उत्तर निराळें येईल. परंतु नकाशांत ज्यांचीं नांवें सांपडतील ते आणि पुरांत ज्यांचीं घरें गेलीं ते, हे बहुधा एकच लोक नव्हते.

पुरानंतर ओढा रुंद करण्याचे आणि कांठास भिंती घालण्याचे बेत झाले. जून २०२१ मध्यें, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, दांडेकर पुलाजवळच्या वस्तींतील घरें पाडण्यास सुरुवात झाली. बायका ओढ्यांत उतरून उभ्या राहिल्या, माणसें यंत्रांपुढें आडवीं झालीं, आणि न्यायालयाच्या स्थगितीनें तें काम त्या दिवशीं थांबलें. ओढ्यास जागा हवी हें कोणीहि नाकारीत नव्हतें. ती जागा कोणाच्या अंगणांतून काढावयाची, एवढाच तंटा होता. अठराव्या शतकांत ती पर्वतीच्या पायथ्याच्या माळांतून काढली होती, आणि त्या वेळीं तेथें कोणाचीं झोंपडीं होतीं काय याचा उल्लेख माझ्या वाचनांत आला नाहीं.

त्या पुलावर उभें राहून खालीं पाहिलें तर उन्हाळ्यांत काळ्या पाण्याची एक रेघ दिसते, तिच्या कडेला वाळत घातलेले कपडे, आणि वर पर्वतीचें शिखर. तेथून सारसबागेचें फाटक पायीं पंधरा-वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. रविवारीं सायंकाळीं पुलाजवळच्या वस्तींतील माणसेंहि मुलांना घेऊन त्या वाटेनें जातात, भेळ घेतात आणि जुन्या तळ्याच्या हिरवळीवर बसतात.